चिठ्ठी रिकामी का निघाली? तुम्ही विचारलंत म्हणून

"हातात गाद्या होत्या, तरी निम्म्या बैलांना का दिल्या नाहीत?" केजच्या बाजारात विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं. एक गृहस्थ तर देणगी परत मागायला दारात आले आणि त्यांनीही हेच विचारलं. म्हणून एकदा नीट लिहिते.

गेल्या गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गाडीतळावर आम्ही, बैलांचे खांदे सोलू नयेत म्हणून, जुवाला बांधायच्या गाद्या नेल्या. गाडीवानांनी चिठ्ठ्या उचलल्या. ज्याच्या चिठ्ठीवर फुली त्याला गादी, ज्याची कोरी त्याला नाही. दोघांच्याही बैलांचे खांदे दर पंधरवड्याला हात लावून तपासायचे आणि वहीत लिहायचं, बस्स.

गाद्या साठच होत्या, गाड्या त्याहून कितीतरी जास्त, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. पण खरं सांगायचं तर गाद्या सहाशे असत्या तरी मी चिठ्ठ्याच टाकल्या असत्या. तुम्हाला राग येतो तो याचाच, आणि त्यात तुमचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

मी आधी अशी नव्हते. जखम दिसली की धावायचं, एवढंच माहीत होतं. एका जानेवारीत पहाटे उसाच्या गाडीला जुंपलेला एक बैल पाहिला. खांदा फुटलेला, पू वाहत होता, माश्या घोंघावत होत्या. मी फोटो काढले, पोलीस बोलावले. गाडीवान नवरा-बायको धारूर भागातले, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आलेले. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यावर भागलं असतं, पण बैल जप्त झाला आणि गोशाळेत गेला. मला तेच हवं होतं.

बैल टेम्पोत चढवताना त्या बाई मध्ये आल्या नाहीत, रडल्याही नाहीत. कोपीतून, म्हणजे त्यांच्या खोपटातून, वाटी आणली, तिच्यात तेलात कालवलेली हळद होती. टेम्पोच्या फळीवरून हात घालून त्यांनी त्याच्या खांद्याला ती लावली, रोज रात्री लावत असाव्यात अशा हाताने. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला नुसतं उसाचं वाढं घालू नका. कडबा लागतो त्याला. आन् रात्री पाणी दाखवा, दिवसा पीत न्हाई."

मी मान हलवली. गोशाळेत कुणाला हे सांगितलं का? नाही. विसरले. मी फोटोखाली 'सुटका' असं लिहिण्यात गुंतले होते, देणग्या येत होत्या. सतराव्या दिवशी बैल मेला. वर्षअखेरीच्या अहवालात आम्ही त्याला सुटका झालेल्यांत धरलं.

पुढच्या हंगामात तेच जोडपं दिसलं. उचल वाढली होती आणि जुवाखाली एक कोवळं खोंड होतं, दोन दात तरी आले होते की नाही कोण जाणे. जोडीतला दुसरा बैल त्याच्याहून वीतभर उंच, त्यामुळे जू तिरकं, आणि सगळा भार खोंडाच्या मानेवर. एक खांदा सोडवून मी दुसरा जुवाखाली घातला होता, आणि आमच्या हिशेबात तो कुठेच नव्हता.

वही तिथून सुरू झाली.

वहीने पहिल्यांदा आमचेच फलक खोटे पाडले. आम्ही लिहीत होतो 'चाबूक मारू नका'. ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांतले तासही लिहीत होतो: सलग पाच तासांहून जास्त जुंपायचं नाही, दिवसात एकूण नऊ, तापमान ३७ अंशांच्या वर गेलं तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. पण खांदे चाचपले तेव्हा दिसलं की चाबूक ओढणारे आणि न ओढणारे यांच्या बैलांत फारसा फरक नाही. सुजलेले खांदे जास्त सापडले ते वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास भरल्या गाडीला जुंपून उभ्या असलेल्या जोड्यांत. दोन चाकांची गाडी पुढून जड भरली की बैल उभा असला तरी मानेवर ओझं असतंच. रांगेतला तो वेळ आम्ही विश्रांतीत धरत होतो!

मग गाडीच्या दांडीला टेकू द्यायचा, गाद्या द्यायच्या, असं ठरलं. पहिल्या वर्षी मागेल त्याला गादी दिली. गादीवाल्यांचे बैल बरे निघाले आणि पेढे वाटायचेच बाकी राहिले. पण गादी मागायला आले ते कोण? जे आधीपासून जू तासून गुळगुळीत ठेवतात, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून 'आवतन घ्या' म्हणतात आणि एरवीही तेवढ्याच मायेने हात फिरवतात तेच. गादीचा गुण कुठला आणि त्यांच्या हाताचा कुठला, कसं ओळखणार? शिवाय काही गाद्या घामाने भिजून कडक झाल्या होत्या, त्यांनीच केस घासून काढले होते. म्हणून चिठ्ठ्या, म्हणजे असे मायेचे हात दोन्हीकडे सारखे वाटले जातील.

तेव्हाची मी आजच्या मला विचारते, की डोळ्यांसमोर जखम असताना तुला पुरावा कसला हवा? मी तिला म्हणते, जखम तुला दिसलीच होती, कडबा दिसला नव्हता. ती गप्प बसत नाही. ती म्हणते, कोरी चिठ्ठी घेऊन परत गेलेल्या म्हाताऱ्या गाडीवानाचा चेहरा आठव. तो मला आठवतो.

पुण्यातला भाचा वेगळ्याच बाजूने घेरतो. "मावशी, २०१९च्या पशुगणनेत देशात गोवंश १९ कोटी आणि कोंबड्या-बदकं ८५ कोटींच्या वर. आकड्यांवर एवढी श्रद्धा असेल तर बैलांत काय अडकलीस?" त्याचं बरोबर आहे. माझ्या वडिलांच्या दावणीला बैल होते, याखेरीज माझ्याकडे उत्तर नाही, आणि हे काही उत्तर नव्हे.

चिठ्ठ्यांच्या वर्षी काय निघालं? टेकूचा उपयोग होतो असं वाटतं. गादीचं सांगता येत नाही. निम्म्या टोळ्या मध्येच दुसऱ्या कारखान्याला गेल्या, त्यांचे बैल पुन्हा हाती लागले नाहीत. "या 'सांगता येत नाही'साठी मी पैसे दिले होते का?" असं त्या देणगी परत मागणाऱ्या गृहस्थांनी विचारलं. मी त्यांचे पैसे परत केले.

यंदाही चिठ्ठ्या टाकणार आहे. टेकू सगळ्यांना आहे. गादीचं कापड बदललंय, आणि कोरी चिठ्ठी निघाली तरी संक्रांतीनंतर गादी मिळेल, तीही भिजवून-वाळवून पाहिलेली. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. तिथपासून संक्रांतीपर्यंत कोऱ्या चिठ्ठीवाल्यांच्या बैलांना काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.