सगळ्यात वाईट आलेख आधी

परवा इथं फिनलंडमधल्या ओउलूमध्ये आमच्या प्रोजेक्टची मीटिंग झाली आणि तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळायलीय. एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या दोन मोबाईल कंपन्या एकाच टेबलावर, आणि त्यातल्या एकीच्या इंजिनिअरनं स्वतःच्या नेटवर्कचा सगळ्यात वाईट आलेख आधी लावला. संध्याकाळच्या गर्दीत किती पॅकेट, म्हणजे आवाजाचे नि डेटाचे छोटे तुकडे, गळतात, आवाज किती उशिरा पोचतो, सगळं उघडं. कुणी हसलं नाही, कुणी गुपचूप फोटो काढला नाही. आमच्या करारातच आहे की मोजलेलं सगळं भागीदारांना द्यायचं आणि नुसती सरासरी सांगून सुटायचं नाही, शंभरातली सगळ्यात वाईट पाच मोजमापं वेगळी दाखवायची.

हे करावंच लागतं, कारण कॉल एका कंपनीच्या हातात राहतच नाही. १९९८ साली डिफसर्व्ह नावाची, कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवायची पद्धत आली, त्यात प्रत्येक पॅकेटवर सहा बिटांची खूण करता येते, म्हणजे ६४ प्रकार, आणि आवाजाच्या पॅकेटला सहसा ४६ नंबर देतात, की याला आधी सोडा. पण ते पॅकेट हद्द ओलांडून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये गेलं की तिथं ती खूण बऱ्याचदा पुसली जाते. तुम्ही तुमच्या घरात कितीही नीट व्यवस्था करा, शेजाऱ्याशी बोलणं नसेल तर सगळं वाया.

आई फोनवर म्हणते, "लेका, तू लई लांब हाईस म्हणून आवाज उशिरा यायलाय." तसं नाहीये आई. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, केबल वळसे घेऊन १० हजार किलोमीटर धरली तरी ५० मिलिसेकंद झाले. आयटीयू या दूरसंचाराच्या जागतिक संस्थेची शिफारस एका बाजूनं १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावं अशी आहे, म्हणजे अंतर वजा जाता भरपूर जागा उरते. ती खाते रांग. मेमरी स्वस्त झाली तसे राउटरमध्ये मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायच्या जागा, बसवले, त्यामुळं जास्तीचं पॅकेट टाकून द्यायच्या ऐवजी राउटर ते धरून ठेवतो, आणि घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायलं की आईचा आवाज त्याच्या मागं अडकतो. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली, ती रांग किती लांब आहे ते बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते. मला ही कल्पना फार आवडते.

आणि सरासरीचा राग मला आधीपासूनच आहे, आमचं शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. हेडला, सुरुवातीला, ऊस उभा आणि आम्ही पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरून पाळीची वाट बघतोय, कागदावर मात्र सरासरीनं सिंचन झालेलं.

आता इथलं कौतुक झालं, पण एक गोष्ट मी त्या मीटिंगमध्ये ठासून सांगितली. फिनलंडनं १ जुलै २०१० पासून १ एमबीपीएस इंटरनेट हा कायदेशीर हक्क केला, जगात पहिल्यांदा, त्याचा त्यांना अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. पण अख्खा देश साधारण ५६ लाखांचा, आणि आपला मराठवाडा २०११ च्या जनगणनेतच १ कोटी ८७ लाख. एवढ्या माणसांच्या भारात, वीज येते जाते अशा ठिकाणी, आपली पोरं टॉवर चालते ठेवतात, ते इथल्या कुणाला जमेल का मला शंका आहे. आपल्याकडं नियमही आहेत, ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांत जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त नेटवर्क बंद राहिलं तर ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. नाही ते फक्त असं टेबल. मी आपल्याकडं काम करत होतो तेव्हा दोन कंपन्यांचे इंजिनिअर कॉलेजवाल्यांसोबत बसून स्वतःचे वाईट आकडे बघायलेत असं मी कधी पाहिलं नाही.

गावात काही जण म्हणतात, शिकला आणि तिकडं गेला, आपल्याला काय उपयोग. युरोपियन युनियनच्या अशा प्रोजेक्टचे शोधनिबंध सगळ्यांना फुकट वाचायला ठेवायची अटच असते, ते नांदेडच्या पोराला ओउलूच्या पोराएवढेच खुले आहेत. म्हणून आमच्या जुन्या सरांशी बोलणं चालू केलंय: पोरांनी रात्री आठ ते दहा, भर गर्दीत मोजायचं, शहरात नको, तालुक्याच्या टोकाच्या गावांत, आणि आकडे कसेही येवोत, एकही गाळायचा नाही. एवढ्याला सर तयार आहेत. कंपनीवाल्यांना पहिल्या दिवसापासून बोलवायचं म्हणतो मी, त्याला ते अजून हो म्हणाले नाहीत.