तुम्ही विचारलंत म्हणून: ईआरपीतला स्टॉक जुळत नाही, सॉफ्टवेअर बदलू का?

पुण्याभोवतीच्या औद्योगिक भागात भोसरी, तळवडे, चाकण, पिरंगुट, कारखान्याची शेड कुठलीही असो, प्रश्न साधारण एकाच शब्दांत येतो. ‘ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतलं, सहा महिने झाले, पण स्क्रीनवरचा स्टॉक आणि रॅकवरचा माल जुळत नाही. दुसरं सॉफ्टवेअर बघू का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: एवढ्यात बदलू नका. आधी एक बार कापून बघा.

टर्निंगच्या कामातलं साधं उदाहरण घेऊ. ईएन 8 (पोलादाची एक ग्रेड) चा 32 मिमी व्यासाचा राउंड बार, त्यातून 85 मिमी लांबीची पिन. व्यासाचा वर्ग भागिले 162 हा हिशेब शॉपवर सगळ्यांना पाठ असतो. त्यानं या बारचं वजन मीटरला 6.32 किलो येतं, म्हणजे 85 मिमीला 0.537 किलो. हाच आकडा बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला किती माल लागतो त्या यादीत, जातो, कारण बीओएम भरणाऱ्याच्या हातात फक्त ड्रॉइंग असतं. पण बार कापणाऱ्या बँडसॉचा कट 2 मिमी खातो आणि दोन्ही टोकं (फेस) सपाट करताना मिळून 2 मिमी जातात. म्हणजे एका नगाला 89 मिमी लागतात. 3 मीटरच्या बारमधून 33 नग निघतात आणि 63 मिमीचा तुकडा उरतो, तो या कामाला निरुपयोगी. बारचं वजन 18.96 किलो, त्याला 33 नी भागलं की नगामागे 0.575 किलो. हजार नगांमागे फरक 37 किलोंचा. महिन्याला हजार नग काढत असाल तर सहा महिन्यांत सव्वादोनशे किलो बार सॉफ्टवेअरच्या मते अजून रॅकवर पडून आहे. कुठलंही सॉफ्टवेअर आणलं आणि त्यात 0.537 च भरलं, तर तेवढेच किलो तिथेही साठतील.

म्हणून बीओएममधलं वजन ड्रॉइंगवरून घेऊ नका, पूर्ण बार भागिले निघालेले नग असं घ्या. काळा बार (वरून फिनिश न केलेला) असेल तर व्हर्नियर लावून व्यास मोजा. 32 चा बार 32.4 भरला तर वजन अडीच टक्क्यांनी वाढतं. जीआरएनला, म्हणजे माल आल्याच्या नोंदीला, सूत्राचं वजन लिहू नका, काट्यावरचं लिहा आणि शेजारी बारची संख्याही लिहा.

आकडा बरोबर बसला की नाही, हे भंगारावरून कळतं. पिनचं तयार वजन 0.410 किलो असेल, तर नगामागे 165 ग्रॅम भंगार निघायला हवं, हजाराला 165 किलो. चिप्स आणि एंड पीस मिळून महिन्याच्या भंगारविक्रीचं वजन याच्या जवळ यायला हवं. कूलंट निथळलेलं नसेल तर थोडं जास्त भरेल. बरंच कमी भरलं तर बीओएम तपासा, आणि गेटही तपासा.

आयटम मास्टरचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या कोडयादीचं, थोडक्यात सांगतो, कारण दुरुस्ती सोपी आहे पण कंटाळवाणी आहे. ‘ईएन 8 राउंड 32’, ‘32 डाया ईएन एट’ आणि ‘बार 32’ असे एकाच बारचे तीन कोड हमखास सापडतात. एकाला अधिक स्टॉक, दुसऱ्याला वजा. नाव लिहायची पद्धत एकदाच ठरवा: आधी प्रकार, मग ग्रेड, मग माप. आणि नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

जॉबवर्क, म्हणजे बाहेरून करून घेतलेली प्रक्रिया, मात्र खरं गुंतागुंतीचं. हार्डनिंग, झिंक प्लेटिंग, ब्लॅकोडायझिंग यांचं बिल बहुधा किलोवर होतं आणि तुमचा स्टॉक नगांवर चालतो. चलनावर फक्त किलो लिहून 600 नग गेले आणि तीन खेपांत परत आले, की किती आले हे कोणीच सांगू शकत नाही. प्लेटिंगनं वजनही बदललेलं असतं. चलनावर नग आणि किलो दोन्ही हवेत, आणि परत आलेली प्रत्येक खेप मूळ चलनाच्या नंबरावरच जमा व्हायला हवी. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो; नाही आला तर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर आणि व्याज लागतं. पाच कोटींवर उलाढाल असेल तर आयटीसी-04 (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) सहा महिन्यांनी भरायचा, त्याखाली वर्षातून एकदा. चलनं जुळलेली असतील तर हे काम तासाभरात होतं. उलट बाजूनं, ग्राहकानं लेबर जॉबसाठी (फक्त मजुरीवर काम करून द्यायला) दिलेला माल वेगळ्या गोदामात, शून्य किमतीनं दाखवा. तो तुमच्या स्टॉकमध्ये मिसळला की किंमतही चुकते आणि हिशेब मागितला की उत्तरही देता येत नाही.

आणखी एक गळती मालाची गाडी निघताना होते. गाडी संध्याकाळी सातला निघते आणि उत्पादनाची एंट्री दुसऱ्या दिवशी सकाळी होते. मधल्या वेळात सिस्टिममध्ये माल नसतो, म्हणून कोणीतरी ‘निगेटिव्ह स्टॉक चालेल’ ही सेटिंग चालू करून ठेवतं. त्या दिवसापासून चूक पकडायची सोयच संपते. ती सेटिंग बंद करा आणि उत्पादनाची एंट्री तपासणीच्या टेबलावर, पॅकिंगच्या आधी करून घ्या. पहिले आठ दिवस आरडाओरडा होईल. तेव्हा मालकानं स्वतः डिस्पॅचपाशी उभं राहावं, हे काम ऑपरेटरवर सोडू नये.

एवढं झाल्यावर मोजणी. 31 मार्चचा हट्ट धरू नका, तेव्हा अकाउंटंट वर्षअखेरीत बुडालेला असतो. खंडेनवमीच्या आधी आपल्याकडे शॉप झाडून-धुऊन घेतातच, मशीनखालचे तुकडेसुद्धा तेव्हा बाहेर येतात. तीच वेळ उत्तम. मोजताना मालाची सगळी हालचाल बंद ठेवा. मोजणीच्या कागदावर सिस्टिमचा आकडा छापू नका, नाहीतर तोच परत लिहून येतो. अर्धवट झालेला नग शेवटच्या पूर्ण झालेल्या ऑपरेशनवर मोजा. छोटे नग काट्यावर मोजायचे असतील तर नमुना 100 नगांचा घ्या: 12 ग्रॅमच्या दहा नगांवर काटा 5 ग्रॅम चुकला तर मोजणी चार टक्क्यांनी चुकते, शंभरांवर अर्ध्या टक्क्याहून कमी.

त्यानंतर दर आठवड्याला दहा आयटम मोजा. गुरुवारी सुट्टी असेल तर बुधवारी संध्याकाळी. फरक दिसला की लगेच समायोजनाची एंट्री करू नका, त्या आयटमच्या मागच्या पाच एंट्र्या उघडा. कारण बहुधा तिथेच असतं.

तीन महिने हे नेमानं केलं आणि तरी सॉफ्टवेअर एका आयटमला नग आणि किलो अशी दोन एककं ठेवू देत नसेल, किंवा खेपेनं आलेला माल मूळ चलनाशी जोडत नसेल, तर जरूर बदला. मात्र आयटम मास्टर, दुरुस्त केलेले बीओएम आणि अजून उघडी असलेली जॉबवर्क चलनं एक्सेलमध्ये उतरवून घ्या, फाइल उघडून तपासा, आणि मगच जुन्या पुरवठादाराला पत्र द्या.