दोन कार्बोरेटर आणि तिसरी केबल

माझ्याकडे 1986 सालची राजदूत 350 आहे, म्हणजे यामाहाच्या आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने फरीदाबादला बनवलेली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. दोन्ही कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारे भाग, सारखेच उघडावेत म्हणून जुळवताना मी इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज का लावत नाही, असे लोक मला हटकून विचारतात. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

गेजशी माझे वैर नाही. चार कार्बोरेटरच्या फोर-स्ट्रोक गाडीवर त्याच्याशिवाय पान हलत नाही. मात्र आमच्या गाडीत हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी रीड व्हॉल्व्ह या एकतर्फी झडपेतून सिलिंडरखालच्या क्रँककेसमध्ये शिरते आणि मग सिलिंडरमध्ये चढते, त्यामुळे ओढ धक्क्याधक्क्यांनी येते आणि गेजची सुई इतकी थरथरते, की तिच्यावर विसंबण्यापेक्षा स्लाइड, म्हणजे कार्बोरेटरमध्ये केबलने वर उचलली जाणारी झडप, डोळ्यांनी पाहिलेली बरी. एअर फिल्टर आणि त्याची रबरे काढली, की दोन्ही स्लाइड समोरच दिसतात.

त्याआधी प्लग आणि ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट पाहून घ्यावेत. या गाडीत प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट वेगळा असतो, आणि ‘कार्बोरेटर बिघडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी डाव्या-उजव्या टायमिंगच्या फरकातून निघाल्या आहेत.

मग इंजिन बंद ठेवून केबलला भरपूर ढील देतो, म्हणजे स्लाइड फक्त आयडलिंगच्या, म्हणजे मूठ सोडल्यावरचा वेग ठरवणाऱ्या, स्क्रूवर टेकतात. 3 मिलिमीटरच्या दोन ड्रिल बिटांची गुळगुळीत बाजू दोन्ही स्लाइडखाली सरकवतो आणि बिट किंचित अडत बाहेर येईल, दोन्हीकडे सारखीच अडेल, अशा बेताने स्क्रू फिरवतो. आता केबलची पाळी. माझा अंगठा एका स्लाइडवर, करंगळी दुसरीवर आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पुतण्याच्या हातात. ‘अगदी हळू’ म्हणजे किती हळू, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. जी स्लाइड मागाहून उचलते, तिच्या केबलचा अ‍ॅडजस्टर पाव आट्याने वर घेतो आणि पुन्हा पाहतो. बोटांना जो फरक जाणवतो तो डोळ्यांना पुष्कळदा दिसत नाही. दोन्ही एकाच क्षणी हलल्या, की लॉकनट धरून ठेवतो, पण अजून कसत नाही.

कारण मुठीपासून निघालेली केबल पुढे तिघांत वाटली जाते: दोन फाटे कार्बोरेटरला जातात आणि तिसरा ऑइल पंपाला. पंप किती ऑइल सोडणार, हे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर या तिसऱ्या केबलवरही ठरते. कार्बोरेटरच्या केबलची ढील काढली आणि पंपाची तशीच राहिली, तर स्लाइड आधी उघडतात, पंप मागे रेंगाळतो आणि पिस्टनला हवे त्यापेक्षा कमी ऑइल मिळते. काही वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले. आयडलिंग इतके सुरेख लागले होते, की त्याच आनंदात कात्रजचा चढ धरला, आणि अर्ध्या वाटेत आवाज एकाएकी जड होऊन मागचे चाक धरले गेले. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. डाव्या पिस्टनवर उभे ओरखडे होते. सिलिंडर बोअर करून नाना पेठेत ओव्हरसाइज पिस्टन शोधण्यात तीन शनिवार गेले.

तेव्हापासून पंपाच्या पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी आली, की मगच तिन्ही लॉकनट कसतो. शेवटी गाडी गरम करून आयडलिंगचे दोन्ही स्क्रू सारखेच मागे घेतो आणि दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरतो. फुंकर दोन्हीकडे सारखी लागली पाहिजे, आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवले तरी रेस वाढता कामा नये. वाढली, तर केबल टाकीखाली कुठेतरी ताणली जात आहे, आणि मग टाकी उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.