‘मला दिसलं काय?’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही म्हणून सरांचा फोन आला तेव्हा मी अकरा मिनिटांच्या एका कार्टून एपिसोडच्या चौथ्या ड्राफ्टमध्ये अडकलो होतो, आणि अडकलो होतो तेही आठवीत बाईंनी विचारलेल्या प्रश्नावरच.

मराठीचा तास. पहिल्या पावसावर निबंध होता आणि मी लिहिलं होतं, ‘सगळीकडे आनंदीआनंद झाला.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘मला दिसलं काय?’ बस्, एवढंच. मार्क नाही कापले पण परत लिहून आण म्हणाल्या. मग मी लिहिलं की एक मुलगा दप्तर डोक्यावर धरून पळतोय, मधेच थांबतो, दप्तर खाली करतो आणि तोंड वर करून उभा राहतो. ते बाईंनी वर्गात वाचून दाखवलं, आजही आठवलं की छाती भरून येते.

गेली १९ वर्षं मी टीव्हीसाठी कार्टून लिहितो. लोक विचारतात, म्हणजे तू चित्रं काढतोस का? नाही, मला चित्र काढता येत नाही, मी लिहितो. आधी अर्ध्या पानाचं प्रिमाइस, म्हणजे गोष्टीची मूळ कल्पना, ते पास झालं तर आउटलाइन, मग स्क्रिप्ट, त्यावरून दुसरं कुणीतरी स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका प्रसंगाची कच्ची चित्रं, काढतं. आवाज बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड होतात आणि ओठ त्या आवाजाबरहुकूम हलवतात, म्हणजे संवाद नंतर बदलायचा म्हटलं की सगळ्यांचंच काम वाढतं. आणि शूटिंगमध्ये कसं, नट आपल्या मनानं काहीतरी छान करून जातो, इथे साधी पापणी लवली तरी ती कुणीतरी ठरवून लववलेली असते. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. माझ्या एका बेफिकीर वाक्याची किंमत दुसऱ्याच्या मनगटाला मोजावी लागते. ‘बाजारात गर्दी आहे’ हे लिहायला मला पाच सेकंद लागतात, ती गर्दी उभी करायला एका टीमचे कित्येक दिवस जातात.

माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये मी लिहिलं होतं, ‘घरात एकच गोंधळ उडतो.’ स्टोरीबोर्ड काढणारी ताई शांतपणे म्हणाली, गोंधळ म्हणजे नक्की काय काढू? मला एकदम ती लाल रेघ दिसली. रात्री बसून लिहिलं: कुत्रा टेबलाखाली शिरतो, टेबलक्लॉथचं टोक त्याच्या पट्ट्यात अडकतं, तो पळतो आणि टेबलावरचं सगळं एकेक करत त्याच्यामागे निघतं.

नंतर या धंद्याचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की टीव्हीत लेखक एवढा महत्त्वाचा का झाला. १९५७ मध्ये एमजीएम या अमेरिकन सिनेमा कंपनीनं आपला कार्टून विभाग बंद केला आणि तिथे टॉम अँड जेरी करणाऱ्या हॅना-बार्बेरा या जोडीनं टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीचं बजेट सिनेमाच्या मानानं फारच कमी, मग चित्रं कमी केली, शरीर स्थिर ठेवून नुसतं डोकं किंवा तोंड हलवायचं, मागची दृश्यं पुन्हापुन्हा वापरायची. हालचाल कमी झाली तसा भार लिखाणावर आणि आवाजावर आला. त्याच स्टुडिओत जो रूबी आणि केन स्पीअर्स एडिटिंगमध्ये होते, तिथून ते लेखक झाले आणि १९६९ मध्ये आलेली स्कूबी-डू ही कार्टून मालिका त्यांनी घडवली. मी या दोघांना मनापासून गुरू मानतो, कारण सेकंद म्हणजे काय ते त्यांनी एडिटिंगच्या टेबलावर हातानं मोजलेलं होतं, आणि ते लेखकाला पुस्तकातून नाही कळत.

सगळं चांगलंच झालं असं नाही. दोन वर्षं जीव ओतून लिहिलेली एक सिरीज चॅनेलनं अर्ध्यात थांबवली, लिहून तयार असलेल्या तेरा स्क्रिप्ट तशाच राहिल्या. त्यातली पात्रं अजूनही कधीकधी माझ्याशी बोलतात. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

मागच्या वर्षी बाईंना भेटायला गेलो, माझा एक एपिसोड त्यांना दाखवला. त्यात एका मुलाचा मित्र गाव सोडून जातो आणि मुलगा म्हणतो, ‘मला खूप वाईट वाटतंय.’ ते वाक्य माझं नव्हतं, लहान मुलांना कळणार नाही म्हणून वरून आलेली सूचना होती आणि मी मान्य केली होती. बाई एपिसोड संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘अरे, त्याचा चेहरा दिसत होता की. मग त्याला बोलायला का लावलंस?’ लहान मुलांना चेहरे वाचता येतात, आपल्यापेक्षा जास्तच येतात, हे मला माहीत होतं आणि तरी मी भांडलो नव्हतो.

आता या चौथ्या ड्राफ्टमध्येही तसंच एक वाक्य आहे, मुलगी घरी येऊन म्हणते, ‘मला इथे राहायचं नाही.’ सकाळी मी ते खोडलं. आता मुलगी दाराशी येते, एक बूट काढते, दुसरा पायातच ठेवून तिथेच बसते. उद्या मीटिंग आहे, यावेळी मी भांडणार आहे.