आंबोलीत पानफुटीच्या पानाआड

पावसाळा सरता सरता आंबोलीला गेलात तर रेड पिएरो या फुलपाखरासाठी रानात खोल शिरू नका. घरांचे गडगे, चिऱ्याच्या जुन्या भिंती, ओलसर कातळ, जिथे पानफुटी फुटलेली असेल तिथे बसा. आम्ही आधी पाने बघतो, फुलपाखरू मागाहून.

जाडजूड पानावर फिकट, अर्धपारदर्शक फोड दिसला की पान न तोडता हलकेच उजेडाकडे वळवायचे. आत काळ्या विष्ठेची रांग आणि तिच्या टोकाशी मळकट पांढरी अळी दिसते. मादी अंडी एकेक, सुटी घालते. अंड्यातून निघालेली अळी पान पोखरून आत शिरते आणि वरखालचा पापुद्रा शाबूत ठेवून मधला गर खात सरकते. पान संपले की बाहेर येऊन दुसऱ्यात घुसते. त्यामुळे भोक पडून सुकलेला फोड बहुधा रिकामाच. शेजारचे टवटवीत पान तपासा. बागेत मात्र हाच फोड रोग समजून लोक औषध फवारतात आणि अख्खी पिढी मारतात. पानफुटी इतकी चिवट, की थोडी पाने गेल्याने तिचे काही बिघडत नाही.

अळी पाळायची असेल तर घरच्या कुंडीतली घ्या, रानातली नको. बंद प्लास्टिकच्या डब्यात रसाळ पानामुळे दमटपणा साचतो, बुरशी धरते, अळी सडते. तोंडाला जाळी, तळाला कोरडा कागद, आणि नवे पान जुन्याला टेकवून ठेवायचे, म्हणजे अळी आपणच पलीकडे जाते. पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा, बारीक केसांचा कोष बहुतेकदा पानाच्या खालच्या अंगाला सापडतो.

फुलपाखरू पंख पसरून जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. वरून काळे, मागच्या पंखावर नारिंगी-तांबडा डाग. मिटलेले पंख अधिक देखणे: पांढऱ्यावर काळे ठिपके, रुंद काळी किनार, मागे तांबडा पट्टा आणि बारीक शेपटी. उडणे संथ आणि जमिनीलगत. इतका भडक रंग घेऊन इतके निवांत उडणे परवडते कसे? पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात, आणि अळीचे सगळे आयुष्य त्याच पानात जाते. आमच्या मते उत्तर तिथेच आहे.

फोटोसाठी सकाळचे कोवळे ऊन गाठा. तेव्हा ते पंख उघडून शेकत बसते. ऊन चढले की एकदांडीच्या फुलांवर पंख मिटूनच भेटते, तेव्हा कॅमेरा फुलाच्या उंचीला आणून आडवे पडावे लागते.