तूरडाळीचे तीन खांब

सातवीला जोडस्तंभालेख, म्हणजे शेजारी-शेजारी खांब काढून तुलना दाखवणारा आलेख, शिकवायचा होता. पुस्तकातली उदाहरणं मुलं पटापट सोडवतात आणि तितक्याच पटापट विसरतात. म्हणून शुक्रवारी वहीत तक्ता आखून घेतला: तूरडाळ, साखर, शेंगदाणे, गोडेतेल. भाव तीन ठिकाणचे आणायचे. गावातलं किराणा दुकान, तालुक्याचं मोठं दुकान आणि रविवारचा बाजार.

सोमवारी आला तो नुसता गोंधळ. तेल कुणी लिटरने लिहिलेलं, कुणी किलोने. एकाने भाजलेल्या दाण्यांचा भाव आणला होता. एकाच्या साखरेपुढे लिहिलं होतं, ‘आईला माहीत आहे’. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं हे पिशवीवर वाचून दाखवलं, तर निम्म्या वर्गाला ती फसवणूक वाटली. एका पोराने पाकिटावर एमआरपीशेजारी छापलेला प्रति ग्रॅम दर दाखवला. इतकी वर्षं किराणा भरते, पण मी तो कधी वाचला नव्हता. सगळे भाव एका मापात आणण्यातच तासिका संपली.

दुसऱ्या दिवशी आलेख. मुली-मुलांच्या एका गटाने आधी नुसती तूरडाळ घेतली. किलोला गावात 160 रुपये, तालुक्याला 148, बाजारात सुटी 140. खांब ठसठशीत दिसावेत म्हणून त्यांनी 1 सेंटीमीटरला 2 रुपये असं प्रमाण धरलं. शून्यापासून काढायचं तर कागद 80 सेंटीमीटर लांब हवा! मग त्यांनी अक्ष सरळ 130 पासून सुरू केला. गावचा खांब 15 सेंटीमीटर, तालुक्याचा 9, बाजाराचा 5.

कागद फळ्यावर लावला आणि वर्ग हसायला लागला. “केवढं लुटतात!”

गावच्या दुकानदाराची मुलगी त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर. हे मला शुक्रवारीच सुचायला हवं होतं. ती उठली, पट्टी घेऊन फळ्याजवळ गेली, तिन्ही खांब मोजले आणि म्हणाली, “बाई, आमची डाळ बाजाराच्या तिप्पट आहे का?”

“तूच सांग.”

“160 आणि 140. तिप्पट कशी होईल?”

मी तिलाच नवा कागद दिला. 1 सेंटीमीटरला 10 रुपये, सुरुवात शून्यापासून. खांब आले 16, 14.8 आणि 14. लांबून पाहिलं तर तिन्ही जवळजवळ सारखे. आकडे तेच, डाळ तीच. हसणारे गप्प झाले. मलाही जरा हायसं वाटलं.

“तरी 12 रुपये जास्तच की,” एक जण म्हणाला. मग हिशेबात एसटी आली. तालुक्याला जाऊन-येऊन 50 रुपये. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे आईला 25. मुलांनी भागाकार मांडला: आई गेली तर तीन किलो डाळ आणल्यावर परवडतं, बाबा गेले तर पाच किलो. हा हिशेब मी ठरवलेलाच नव्हता. वर्ग जाम खूश.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “आमची आई पावशेरच आणते. पैसे शनिवारी, मजुरी मिळाली की देते. तालुक्याचा दुकानदार शनिवारपर्यंत थांबतो का?”

सगळे दुकानदाराच्या मुलीकडे बघायला लागले. “बाबा वहीत लिहून ठेवतात,” ती एवढंच म्हणाली. हे कुठल्या अक्षावर घ्यायचं ते मलाही सुचेना. शेवटी तिनेच तिन्ही खांबांखाली पेन्सिलीने लिहिलं: उधार मिळतं, मिळत नाही, मिळत नाही.

महिनाभराने पालकसभेला तिचे वडील आले. भिंतीवरच्या आलेखासमोर हाताची घडी घालून बराच वेळ उभे राहिले. आता काय ऐकावं लागतंय, या धास्तीने मी हजेरीपट उगाच चाळत बसले.

“बाई, हे 160 कधीचे? आता 152 आहे.”

आम्ही तारीख घालायचीच विसरलो होतो. मी पेन काढलं.