बारा फोटो, चेहरा एकही नाही

गेले दोन आठवडे मी इकडे एका समर कॅम्पमध्ये पोरांना फोटोग्राफी शिकवत होतो, आठ ते बारा वयाची चौदा पोरं, आणि घरून फोनवर रोज एकच, अरे पोरांचे फोटो पाठव ना. नाही पाठवता येत हो! पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या बाईंनी हातात यादी ठेवली, की या पाच मुलांच्या आईवडिलांनी फोटोच्या फॉर्मवर सही केलेली नाही, यांचा चेहरा कुठल्याही फोटोत येता कामा नये, दुसऱ्या पोराने काढला असला तरी. एका खोलीत चौदा पोरं, चौदा कॅमेरे. म्हटलं झालं कल्याण.

त्यात मी रात्र जागून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक), शटर, आयएसओ अशा बावीस स्लाइड्स केलेल्या. एफ नंबर, म्हणजे त्या भोकाचा आकडा, लहान तर भोक मोठं हे मोठ्या माणसांच्या डोक्यात शिरत नाही, पोरांच्या काय शिरणार, पाचव्या स्लाइडला एक जण टेबलाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरीच ठेवला. खोलीचाच कॅमेरा करायचा म्हणून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणि चिकटपट्टी घेऊन खिडक्या बंद केल्या, एका ठिकाणी बटणाएवढं भोक ठेवलं आणि समोर पांढरी चादर टांगली. बाहेर कडक ऊन हवं, नाहीतर काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला पाचेक मिनिटं गेली, तोवर ढकलाढकली, आणि मग चादरीवर अख्खं झाड, उलटं, पानं हलतायत आणि एक माणूस डोक्यावर चालत चाललाय. उलटं का, तर प्रकाश सरळ रेषेत येतो, वरचा किरण भोकातून खाली जातो आणि खालचा वर, हे मी हातवारे करून सांगतोय (इकडची भाषा माझी अजून अर्धवटच), तेवढ्यात एक पोरगा बाहेर पळाला आणि भोकासमोर खाली डोकं वर पाय करून उभा राहिला, म्हणजे आत तो सरळ दिसावा! याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. मग पुठ्ठ्याने भोक लहानमोठं करून बघितलं, मोठं केलं की उजेड जास्त पण चित्र पुसट, लहान केलं की रेखीव पण अंधारं. बावीसपैकी चार स्लाइड्स तिथेच उरकल्या.

चेहऱ्यांचं काय करायचं, तर नियम सगळ्यांनाच लावून टाकला, पाच जणांना वेगळं कशाला काढा. चेहरा कुणाचाच नाही आणि दिवसाला फक्त बारा फोटो, वहीत मोजून. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सगळ्यांचे बारा संपले, उरलेला वेळ नुसती बोंबाबोंब. चौथ्या दिवसापर्यंत मात्र एक मुलगी बुटाची सुटलेली नाडी तीन बाजूंनी बघून, गुडघे टेकून, मग एकच क्लिक करायला लागली होती. खरचटलेली कोपरं, सावल्या, पाठमोऱ्या वेण्या, आणि कोपर कुणाचं ते पोरं क्षणात ओळखायची.

शेवटी सायनोटाइप केले. ही १८४२ मधली जॉन हर्शेलची पद्धत, लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात ठेवायचा आणि मग साध्या पाण्याने धुवायचा, ऊन लागलं तिथे निळं आणि झाकलं तिथे पांढरं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स नावाच्या बाईंनी १८४३ पासून समुद्रशेवाळाच्या अशा छापांची पुस्तकंच काढली होती. आम्ही मात्र शेवाळाऐवजी पंजे ठेवले. उन्हात हात न हलवता बसायचं म्हणजे त्या वयाला शिक्षाच, त्यात मध्येच ढग आला, आणि दोन पोरांना सहा सहा बोटं आली. तीच सगळ्यात भाव खाऊन गेली.

शेवटच्या दिवशी आईबाप आले, चौदा निळ्या कागदांवर चौदा पांढरे पंजे, नावं मुद्दाम लिहिली नव्हती. सही न केलेल्या एका आईने आपल्या मुलाचा पंजा बरोब्बर ओळखला आणि चटकन मोबाईल काढून तीन-चार फोटो घेतले. शेजारी उभी असलेली ती नाडीवाली मुलगी लगेच म्हणाली, "जपून काढा हं, तुमचे आता आठच राहिले."